दोन खोल्यांचा मालक

सारी हयात आम्ही मालकांविरुद्ध बोलत आलो आणि आज मालकांनाच चार गोष्टी सांगायला उभे आहोत, याचे श्रोत्यांना हसू येईल. पण प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून परसात दोन खोल्या बांधून भाड्याने देणारा मालक बहुधा आमचाच निवृत्त कामगार असतो. त्याचे म्हातारपण त्या भाड्यावर उभे असते.

'भाडेकरू ठेवला की जागा गेली' ही त्याची धास्ती जुनी आहे. 1947 च्या कायद्याने मुंबईतील जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. त्यामुळे गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचले, हे आम्ही कुठेही ठासून सांगू. पण त्या भाड्यात दुरुस्ती भागेना आणि चाळींचे जिने कुजले, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तो कायदा आता राहिला नाही. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याचे 55 वे कलम घरमालकाने पाठ करावे. भाडेकरार असो की 'लीव्ह अँड लायसन्स', तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा; नोंदणीची जबाबदारी मालकाची. 'अकरा महिन्यांचा कागद, त्याला नोंदणी कशाला?' असे सांगणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यावरून हा समज पसरला. 55 व्या कलमात तशी सूट नाही. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या कचेरीत एक निवृत्त फिटर आले होते. मित्राच्या भाच्याला तोंडी बोलीवर खोली दिली. वर्षाने भाचा म्हणू लागला, भाडे निम्मेच ठरले होते. अशा वेळी नोंदलेला कागद नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचेच म्हणणे धरले जाते. फिटरसाहेब म्हणाले, "आम्ही शब्दावर विश्वास ठेवला." आम्ही विचारले, "अहो, कारखान्यात बोनसचा करार तोंडी केला होता का?"

राहण्याची जागा लायसन्सवर दिली असेल आणि मुदत संपूनही ती सुटत नसेल, तर 24 व्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्या काळाची रक्कम दुप्पट द्यावी लागते. भाडेकरू असेल तर वाट वेगळी आणि लांबची; मात्र भाडे वर्षाला चार टक्के वाढवता येते.

राग आला म्हणून कुणाचे पाणी किंवा वीज तोडू नये. तो गुन्हा आहे, आणि आमच्या मते नीचपणाही. पैसे घेतले की पावती द्यावी. ते उपकार नव्हेत, कायद्याचे बंधन आहे. दुरुस्ती मालकाकडे. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणून वर्षातले एक भाडे गळती आणि नळासाठी बाजूला ठेवावे. ते घरखर्चात धरले की पहिल्याच पावसाळ्यात उसनवारी सुरू होते.

किल्ली देताना विजेच्या मीटरचा आकडा, पंखे, नळ, काचा यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. अनामत परत करतानाचे निम्मे तंटे फुटक्या काचेवरून होतात.