थाप आधी, 'धा' नंतर

सांगोला हे मिरज-पंढरपूर लोहमार्गावरचे गाव. एका टोकाला तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले मिरज, दुसऱ्या टोकाला अभंगांचे पंढरपूर. समजा, येथील एखाद्या शाळेच्या पटांगणात रात्री शास्त्रीय गायनाची मैफल आहे आणि शिक्षकांनी तीन मोबाइल फोनवर तिचे चित्रीकरण केले आहे. एक फोन गायकासमोर, दुसरा तबलजीजवळ, तिसरा मांडवाच्या शेवटी. दुसऱ्या दिवशी तिन्ही चित्रफिती संगणकावर एकत्र जोडल्या. पाहताना मात्र काहीतरी खटकते. मागच्या फोनचे दृश्य आले की तबल्यावर थाप आधी पडते आणि 'धा' नंतर ऐकू येतो. वादक तर चोख वाजवत होता. मग ही चूक आली कोठून?

पहिले कारण आपण वर्गात शिकवतोच. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. मागचा फोन ३५ मीटरवर असेल तर ध्वनी त्याच्यापर्यंत पोचायला एक दशांश सेकंद लागतो. प्रकाश मात्र जवळजवळ तत्क्षणी पोचतो. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर एका चित्राच्या, म्हणजे फ्रेमच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. म्हणजे हा उशीर अडीच फ्रेमचा झाला. संगणक चित्रफिती जुळवतो तो बहुधा त्यांतील आवाज ताडून. मागच्या फोनचा उशिराचा आवाज मूळ आवाजाशी जुळवला, की त्याचे चित्र तेवढेच पुढे सरकते आणि हात आवाजाच्या आधी पडतो! उपाय सोपा आहे. आवाज जुळवल्यावर त्या फोनचे चित्र दोन-तीन फ्रेम मागे सरकवायचे आणि थाप पाहून खात्री करायची.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारेल. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांच्या लयीत चालला असेल, तर एक मात्रा एक पंचमांश सेकंदाची होते. एक दशांश सेकंदाची चूक म्हणजे अर्धी मात्रा!

दुसरे कारण घड्याळाचे. प्रत्येक फोन आपल्या आतील क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून वेळ मोजतो आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. दोन घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात तो ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम होतो. म्हणून सुरुवातीला नीट जुळलेली चित्रफीत भैरवीपर्यंत निसटू लागते. यासाठी मैफलीच्या आरंभी आणि शेवटी सर्व फोनांना दिसेल-ऐकू येईल अशी एक टाळी वाजवावी आणि प्रत्येक रागानंतर जुळणी पुन्हा तपासावी. काही फोन अंधुक उजेडात फ्रेमची संख्या आपोआप कमी करतात. ती सोय आधीच बंद करावी.

आता राहिला प्रश्न, कोणते दृश्य केव्हा दाखवायचे? आमच्या मते पहिला नियम असा, की आवाज एकच ठेवावा. तो ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून सलग घ्यावा आणि त्याला कात्री लावू नये. बदलायची ती फक्त नजर. विलंबित एकतालाचे १२ मात्रांचे एक आवर्तन कधी कधी पाऊण ते एक मिनिट चालते. तेवढा वेळ गायकाचा चेहरा शांतपणे पाहू द्यावा. सम जवळ आली की गायक आणि तबलजी एकाच चौकटीत दाखवावेत. समेवर दोघे कसे भेटतात, हेच तर विद्यार्थ्याला पाहायचे असते. सर्व कॅमेरे श्रोत्यांच्याच बाजूला ठेवावेत, नाहीतर तबलजी पडद्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसतो. आणि एक मोह कटाक्षाने टाळावा: एखादे दृश्य हुकले म्हणून दुसऱ्या वेळच्या वादनाचे हात तेथे चिकटवू नयेत. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो, पण गावोगावच्या मुलांना तेथे जाऊन बसणे कोठे जमते? ज्याच्याजवळ गुरू नाही, तो अशा चित्रफितीतील हात पाहूनच बोल शिकतो. त्याला खोटे हात दाखवणे म्हणजे चुकीचा धडा देणे होय.

हाच दोष वर्गात प्रयोग म्हणून वापरता येईल. मैदानात १०० मीटर अंतरावर एका मुलाला थाळी वाजवायला सांगा आणि चित्रण करा. मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे नेत, आघात दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर त्या सुमारे सात भरतील. फोनचा स्वतःचा दोष असल्यास तो कळावा म्हणून आधी दोन मीटरवरून मोजा आणि तो फरक वजा करा. दहा आघातांची सरासरी काढली, की ध्वनीचा वेग मुलांच्या हाती येईल, आणि पुढच्या मैफलीसाठी चित्र किती सरकवायचे हेही त्यांनाच सांगता येईल.