जिंतूरहून मेक्सिकोला जवळची वाट कोणती?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात परभणी जिल्ह्यातील जिंतूर शोधा. ते साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. तेथे पट्टी ठेवून पश्चिमेकडे सरकत गेलात, की अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून तुम्ही मेक्सिको शहरापाशी पोहोचाल. तेही जवळजवळ याच अक्षवृत्तावर आहे. जिंतूरला विमानतळ नाही. पण कल्पनेचे विमान तेथून उडवायला कोणाची हरकत? मग ते सरळ पश्चिमेला न्यावे, असे तुम्ही म्हणाल. जवळची वाट मात्र जवळजवळ थेट उत्तरेला जाते!

हिशेब करून पाहू. जिंतूर सुमारे ७७ अंश पूर्व रेखावृत्तावर, तर मेक्सिको शहर ९९ अंश पश्चिम रेखावृत्तावर आहे. दोहोंत फरक १७६ अंशांचा. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. ध्रुवांकडे जावे तशी अक्षवृत्ते लहान होतात, म्हणून येथे १११ ला १९.५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९४३ ने गुणावे लागते. अशा रीतीने पश्चिमेकडची वाट सुमारे १८,४०० किलोमीटर भरते.

आता उत्तर ध्रुवावरून जाऊ. जिंतूरपासून ध्रुव ९० वजा १९.५, म्हणजे ७०.५ अंश दूर. पलीकडे उतरायचे तेवढेच. एकूण १४१ अंश; गुणिले १११, म्हणजे सुमारे १५,६५० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने पहिल्या वाटेला साडेवीस तास लागतील, दुसरीला साडेसतरा. तीन तास वाचले!

असे का व्हावे? गोल खळ्याच्या एका कडेवरून समोरच्या कडेला जायचे, तर आपण कडेकडेने जात नाही, मधून जातो. अक्षवृत्त ही ध्रुवाभोवतीची तशीच कड आहे. गोलावरील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्या वर्तुळावरून. सपाट नकाशात ती वाट वाकडी दिसते, हा दोष नकाशाचा.

ही नुसती कल्पना नव्हे. ९ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने बंगळूरूला निघाले. सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. विमान ११ जानेवारीच्या पहाटे उतरले. तारखा दोनने पुढे गेल्या, तरी प्रवास सतरा तासांहून थोडा अधिक. कारण तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे होते.

प्रत्यक्षात वारे, हवामान आणि वाटेत उतरण्याजोगे विमानतळ पाहून वैमानिक थोडे इकडेतिकडे वळतात. पण आरंभ बृहद्वृत्तापासूनच होतो.

शाळेतील पृथ्वीगोल घ्या. जिंतूर व मेक्सिको शहर यांवर दोरा धरून ताणा. तो आपोआप कोठे सरकतो, ते स्वतःच पाहा.