छोटी आर्ट गॅलरी: ‘छान आहे’ म्हणून निघून जाणाऱ्यांवर भाडं कसं निघणार?

भातशेती, पाणवठा, बाजाराचा दिवस, अंगणातली तुळस अशा आपल्या रोजच्या जगण्यातल्या चित्रांची छोटी गॅलरी काढायची, ही कल्पना अनेकांच्या मनात असते. जागा मिळते, चित्रकारही मिळतात. लोक येतात, फोटो काढतात, ‘छान आहे हो’ म्हणतात आणि निघून जातात. महिनाअखेरीला भाडं मात्र द्यावंच लागतं. म्हणून आधी हिशेब बघू.

चित्रं विकत घ्यायची की जांगड ठेवायची?

सुरुवातीला चित्रं विकत घेऊन भांडवल अडकवू नका. जांगड ठेवा. म्हणजे मालकी चित्रकाराची, भिंत तुमची, आणि विक्री झाली की ठरलेलं कमिशन तुमचं. पण हे तोंडी ठेवू नका. चित्राचं नाव, माप, किंमत, कमिशन, पैसे किती दिवसांत देणार आणि चित्र खराब झालं तर भरपाई कोणाची, एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

आता आकडे (समजण्यासाठी घेतलेले, तुमचे तुम्ही टाका)

भाडं १८,०००, मदतनीस १०,०००, लाईट वगैरे २,०००. महिन्याचा खर्च झाला ३०,०००. कमिशन ३० टक्के धरलं, तर नुसता खर्च निघायला १ लाखाची चित्रं विकली गेली पाहिजेत. सरासरी किंमत ४,००० असेल तर २५ चित्रं, म्हणजे जवळपास रोज एक! छोट्या गावात हे अवघडच.

मग काय करायचं? त्याच भिंतीवर तीन दर ठेवायचे.

१. प्रिंट: विक्री ५००. छपाई-पॅकिंग २००, चित्रकाराला ५०, तुम्हाला २५०. महिन्याला ४० विकल्या तर १०,०००.

२. रविवारची कार्यशाळा: १२ जण, प्रत्येकी ६००, म्हणजे ७,२००. साहित्य १,८००, शिकवणाऱ्याला २,०००. उरले ३,४००. महिन्यात दोन घेतल्या तर ६,८००.

३. मूळ चित्र: आता फक्त १३,२०० कमी पडतात. ३० टक्के कमिशननं त्यासाठी ४४,००० ची विक्री हवी, म्हणजे ११ चित्रं.

२५ वरून ११ वर आलो! ‘छान आहे’ म्हणणाऱ्या माणसाला ४,००० परवडत नसतील, पण ५०० ची प्रिंट तो आनंदानं घेईल.

प्रिंटच्या आधी एक गोष्ट नक्की वाचा

चित्र विकत घेतलं म्हणून त्याच्या प्रिंट, मग किंवा कॅलेंडर काढायचा हक्क आपोआप मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तो सहसा चित्रकाराकडेच राहतो. त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं. म्हणून परवानगी लेखी घ्या, आणि मुदतही लिहा. हक्क लिहून घेताना मुदत घातली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. वर धरलेले ५० रुपये हे याचेच. ते बुडवलेत तर पैसे वाचतील, पण चित्रकार पुढचं चित्र आणणार नाही.

चित्राशेजारी गोष्ट लावा

पालघर जिल्ह्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्नातल्या चौकापुरती मानली जाणारी ही कला त्यांनी कागदावर आणली. त्यांच्या चित्रात काय असायचं? भातलावणी, मासेमारीचं जाळं, तारपा. म्हणजे रोजचंच जगणं. हे कळलं की बघणारा थांबतो, पुन्हा बघतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली चार ओळींचं कार्ड लावा: कोणी काढलं, कुठलं दृश्य आहे, कोणते रंग वापरलेत. किंमतही तिथंच लिहा. किंमत विचारायला बरेच लोक लाजतात आणि तसेच जातात.

आणि हो, वारली चित्रकलेला जीआय मिळालेला आहे. त्या शैलीची नक्कल ‘अस्सल वारली’ म्हणून विकू नका.

भिंतीची काळजी

कागदावरचं चित्र थेट काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट ठेवा. नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. थेट ऊन पडणारी भिंत मूळ चित्राला देऊ नका, रंग उडतात. आणि खराब झालेलं चित्र जांगड आणलेलं असेल, तर भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते.

या आठवड्याचं काम

जांगड विक्री आणि कमिशन यांच्यासाठी जीएसटीची नोंदणी लागते का, हे आधी तुमच्या कर सल्लागाराला विचारून घ्या. मग वहीत तीन रकाने पाडा: प्रिंट, कार्यशाळा, मूळ चित्र. स्वतःचे आकडे भरा. मूळ चित्रांचा आकडा महिन्याला १५ च्या वर जात असेल तर जागा घ्यायची घाई नको. आधी एखाद्या ओळखीच्या कॅफेची किंवा होमस्टेची भिंत मागा आणि तीन महिने विक्री करून बघा. गाळा काय, नंतरही मिळेल!