केर : मारवाडचे आणि आपल्या माळावरचेही

केर-सांगरीची भाजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथीला वाळवलेले केर हमखास उपयोगी पडतात. राजस्थानातून आलेले केर चढ्या भावाने घेताना, हेच झुडूप दख्खनच्या कोरड्या माळावरही वाढते, याचे स्मरण क्वचितच होते. संस्कृतात ते करीर, मराठीत नेपती.

नेपतीवर वर्षातील बहुतेक काळ पाने नसतात. हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. मुळे खोल जात असल्याने ती अवर्षण सोसते, खारवट जमिनीतही तग धरते. कोवळी फळे कडवट असतात. मिठाच्या पाण्यात वा ताकात काही दिवस मुरवली की कडूपणा जातो.

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग पावसाचा, पूर्व भाग पर्जन्यछायेचा. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे तेथे बागायत वाढली. मात्र निचरा नसेल तर अतिपाण्याने जमीन खारावते. पीककर्जाच्या पाहणीसाठी बांधाबांधाने हिंडताना नेपतीला मीही निरुपयोगी काटेरी झुडूपच समजत असे. आमच्या अहवालात तिच्यासाठी रकाना नव्हता. ती माझी चूक होती. ज्यांची शेती आहे, त्यांनी बांध साफ करताना नेपती दिसल्यास कुऱ्हाड थांबवावी, एवढीच विनंती.