टीका पाखडून घ्यावी

या महागाईच्या दिवसांत मागितल्यावाचून आणि फुकट मिळणारी एकच वस्तू उरली आहे. ती म्हणजे टीका. दिवाळीत तर तिचा हंगामच असतो. चकली मऊ पडली, मुलाला मार्क कमी पडले, सून नोकरी करते, किंवा करीत नाही. प्रत्येक गोष्टीवर कोणाचे ना कोणाचे मत तयार असते. पूर्वी ते ओटीवरच्या चौघांना ऐकू येई. आता मोबाईलवरच्या घरच्या ग्रुपवर एका दमात तीस जणांना पोहोचते.

“मनाला लावून घेऊ नका,” असा उपदेश आपण सर्रास करतो. मला तो तितकासा पटत नाही. ज्याला काहीच लागत नाही तो माणूस दगडच म्हणायचा, आणि दगड काही शिकत नाही. उलट, प्रत्येक शब्द काळजाशी धरून बसणाऱ्याचे काय होते, तेही मी घरात पाहिले आहे.

माझ्या एका आत्याचा गळा फार गोड होता. दुपारची कामे आटोपली की ती पेटी घेऊन बसे. एका लग्नघरी तिने चार गाणी म्हटली, तेव्हा सासरकडचे एक वडीलधारे गृहस्थ सर्वांदेखत म्हणाले, “वरच्या सुरात आवाज फाटतो हो! आणि घरच्या सुनेने बैठकीत गावे तरी कशाला?” आत्या काही बोलली नाही. पेटी माळ्यावर गेली, ती पुन्हा खाली आली नाही. ते गृहस्थ आपले वाक्य जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत विसरलेही असतील; आत्याने मात्र ते चाळीस वर्षे सांभाळले.

त्या वाक्यात खरे पाहता दोन वाक्ये होती. पहिले गाण्याविषयी. ते खरे असेल तर उपाय साधा होता: पट्टी थोडी खाली घ्यायची. दुसरे त्या गृहस्थांच्या समजुतीविषयी. त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नव्हता. आत्याने दोन्ही एकत्रच गिळली. तिने ती सुपात घेऊन पाखडली असती, तर फोल उडून गेले असते आणि दाणा हाती राहिला असता.

हे पाखडणे कसे करावे, हे मला महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रात दिसते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या या विधुर प्राध्यापकांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केले. त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला, आणि त्याची झळ त्यांच्या आईलाही लागली. १८९६ साली त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. पुढे पुण्याजवळ हिंगण्याला तिचा आश्रम उभा राहिला. लोकांना संशय येई, की मुलीला तेथे पाठविली तर हे तिचे पुन्हा लग्न लावून देतील.

या बोलण्यात विष होते, तसा एक दाणाही होता. आईबापांची धास्ती गेल्यावाचून मुली शिकायला येणार नव्हत्या. अण्णासाहेबांनी तो दाणा उचलला. पुनर्विवाहाच्या चळवळीतून त्यांनी अंग काढून घेतले आणि आश्रमाचे काम शिक्षणापुरते राखले. लगेच दुसऱ्या बाजूने सुधारक मंडळी रागावली, की हे माघार घेतात! तेही त्यांनी ऐकून घेतले. पण आश्रम सोडला नाही, आणि स्वतःच्या पुनर्विवाहाची लाजही बाळगली नाही. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. बहिष्कार आणि भारतरत्न यांच्यामध्ये पासष्ट वर्षे गेली. काम मात्र तेच चालू होते.

आपल्याला एवढे मोठे काम करायचे नसते. पण सूप आपल्याही घरात आहे. कोणी बोलले की मी स्वतःला तीन गोष्टी विचारते. हे माझ्या कामाविषयी आहे, की माझ्याविषयी? बोलणाऱ्याला त्या कामातले काही कळते का? आणि यातले उद्या सकाळी मला काही करता येईल का? तिन्ही उत्तरे त्याच क्षणी मिळत नाहीत. अशा वेळी टीका कडधान्यासारखी रात्रभर भिजू द्यावी. किडके, पोकळ दाणे सकाळी आपोआप वर तरंगतात. ग्रुपवर रात्री अकराला उत्तर लिहिण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

स्तुतीलाही हेच सूप लावावे. “तुमच्यासारख्या करंज्या कोणाला जमत नाहीत,” हे ऐकून फुगणारे मन दुसऱ्या दिवशी एका नापसंतीच्या शब्दाने बसते. दोन्ही सारख्याच हाताने पाखडली, तर मनाचा तोल राहतो.

आणि हो, या दिवाळीत आपणही कोणाला तरी काही बोलणारच आहोत. सूनबाईची पहिली चकली असेल, भाच्याचे चित्र असेल, नाहीतर नातीचे गाणे असेल. बोलायचेच असेल तर कामाविषयी बोलावे, बाजूला घेऊन बोलावे, आणि काय केले म्हणजे बरे होईल तेही सांगावे. पाखडण्याचे निम्मे काम बोलणाऱ्यानेच आधी केले, तर ऐकणाऱ्याची पेटी माळ्यावर जाणार नाही.