ऐकू येते, उमगत नाही

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी शाळेची खोली म्हणजे बहुधा गिलाव्याच्या उघड्या भिंती, खाली फरशी आणि वर स्लॅब किंवा टिनपत्रे. पत्र्यावर पावसाची सर कोसळू लागली की गुरुजींचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही धड जात नाही, आणि पाऊस नसला तरी पंख्याची घरघर नि शेजारच्या वर्गातले पाढे असतातच. अशा वर्गात ‘लक्ष देत नाही’ हा शेरा ज्याच्या माथी बसतो, त्या मुलाच्या कानापर्यंत नेमके काय पोहोचते याची चौकशी आधी व्हावयास हवी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबलने उतरतो. खोलीत त्यात भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीची भर पडते. स्वर जोरकस असतात, व्यंजने क्षीण. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दार’ आणि ‘धार’ यांतला भेद ज्या किंचित उच्छ्वासावर तोललेला असतो, तोच गोंगाटात आधी बुडतो. प्रौढ माणूस भाषेच्या पूर्वसंचितावर ही उणीव भरून काढतो. सात-आठ वर्षांच्या मुलाजवळ, त्यातही घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाजवळ, मराठीचे ते संचित अजून जमायचे असते. म्हणूनच गुरुजींचा आवाज गोंगाटाहून १५ डेसिबलने तरी वरचढ असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात.

असा शेरा मिळालेल्या मुलांपैकी काहींच्या कानात सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साचतो, तो उपचाराने जातो. काहींना कायमचे सौम्य बहिरेपण असते. आणि काहींचे कान निर्दोष असूनही मेंदूला कोलाहलातून शब्द वेगळा काढणे जड जाते. ही शेवटची मुले शांत खोलीतल्या तपासणीत बिनचूक उत्तीर्ण होतात.

या सर्वांच्या उपयोगी पडणारे साधन तत्त्वतः अगदी साधे आहे: शिक्षकाच्या गळ्याशी, ओठांपासून वीतभर अंतरावर, लहानसा मायक्रोफोन, आणि मुलाच्या कानाशी किंवा त्याच्या श्रवणयंत्रात बिनतारी ग्राहक (रिसीव्हर), म्हणजे मूल शेवटच्या बाकावर बसले तरी कानाच्या हिशेबी शिक्षक वीतभरावरच उभा. वर्गात ध्वनिक्षेपक लावला तर लाभ सगळ्यांनाच होतो. मात्र मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिले, तर ते या मायक्रोफोनला धड ऐकू येत नाही. तो त्या मुलाच्या हाती द्यावा लागतो किंवा उत्तर शिक्षकाने पुन्हा उच्चारावे लागते, आणि रात्री वीज गेली तर चार्ज न झालेला संच सकाळी निरुपयोगी ठरतो. यंत्राइतकीच मायक्रोफोन फिरवण्याची आणि संच चार्ज ठेवण्याची ही शिस्त महत्त्वाची आहे, हे खरेदीचा प्रस्ताव पाठवणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथके शाळांतून मुले तपासतात, आणि शंका आल्यास दारव्ह्याच्या मुलाला यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभाग गाठता येतो. खरी अडचण दिव्यांगत्वाच्या दाखल्याची आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल ऱ्हास असल्याखेरीज कोणाला ‘ऐकू कमी येणारा’ मानीत नाही. ४० डेसिबलचे मूल आणि मेंदूपाशी शब्द अडणारे मूल, दोन्ही त्या व्याख्येबाहेर राहतात. त्यांच्यासाठी दाखल्याची अट न घालता गट साधन केंद्रात काही संच ठेवावेत आणि वर्गशिक्षकाच्या लेखी मागणीवर ते सत्रभर वापरण्यास द्यावेत, एवढी तरतूद ‘समग्र शिक्षा’ योजनेतून व्हावी.