रुळांवरचा पूल आणि त्याची चढण

रेल्वेमार्गावरच्या पादचारी आणि सायकल पुलाचा आराखडा उंचीपासून सुरू होतो. विद्युतीकरण झालेल्या ब्रॉडगेज मार्गावर २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर रुळाच्या माथ्यापासून साधारण साडेपाच मीटरवर असते. तिच्या वर सुरक्षित अंतर सोडायचे म्हटले की पुलाचा तळ सहा मीटरांच्या वरच जातो. त्यावर गर्डर आणि चालण्याची लादी धरली, तर माणसाला जवळपास सात मीटर चढावे लागते. पुलाच्या तळाची उंची कमी करणे अभियंत्याच्या हातात नसते. चढण कशी असावी, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते.

सायकलस्वाराला न उतरता चढता येईल असा उतार वीसास एक. सात मीटरांसाठी तो रॅम्प १४० मीटर लांब होतो, आणि तसाच पलीकडेही लागतो. चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेला बारास एक उतार धरला, तरी मधले विसाव्याचे सपाट टप्पे मिळून लांबी शंभर मीटरांच्या आसपास जाते. शहरात स्टेशनाबाहेर एवढी जागा सहसा नसते. मग रॅम्प दुमडावा लागतो, आणि प्रत्येक वळणावर सायकलला फिरायला पुरेशी रुंदी ठेवावी लागते.

म्हणूनच गर्डरची निवड महत्त्वाची ठरते. लादी गर्डरच्या माथ्यावर टाकली, तर तिच्याखालची जाडी सव्वा मीटरपर्यंत जाऊ शकते. दोन गर्डर दोन्ही बाजूंना कठड्यासारखे उभे करून लादी त्यांच्या तळाशी बसवली, तर ती जाडी तीस-पस्तीस सेंटिमीटरवर येते. वाचलेल्या ९० सेंटिमीटरमुळे वीसास एक उताराचा रॅम्प प्रत्येक बाजूला १८ मीटरने आखडतो. कागदावर किरकोळ दिसणारी ही बचत ओझे घेऊन चढणाऱ्याच्या पायांना रोज जाणवते.

भुयारी मार्गाचा पर्यायही आधी तपासायला हवा. माणसाच्या डोक्यावर अडीच-तीन मीटर पुरतात, त्यामुळे एकूण चढउतार कमी होतो. शिवाय सायकलस्वाराला आधी उतार मिळतो आणि त्याच वेगाने तो पुढची चढण घेतो. कोकणपट्टीतल्या पावसात मात्र पाणी साचण्याचा प्रश्न उभा राहतो आणि पंपांवर विसंबावे लागते.

रुंदीचा हिशेब गर्दीवर चालतो. दाटीतही सपाट जागेवरून मीटरभर रुंदीमागे मिनिटाला सुमारे ८० माणसे जातात. जिन्यावर ती ५५ वर येतात. एका लोकलमधून दोन हजार माणसे उतरली आणि जिना तीन मीटरचा असला, तर तो मोकळा व्हायला बारा मिनिटे लागतात; मुंबईत तोवर पुढच्या गाड्या येऊन थांबलेल्या असतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, तेव्हा पूल शाबूत होता. पुढे तिथे लष्कराने उभारलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जिना नेहमी पुलापेक्षा रुंद हवा, आणि त्याचे तोंड मोकळ्या जागेत उघडायला हवे.

रॅम्पला जागाच नसेल तर जिन्याच्या कडेला सायकल ढकलण्यासाठी पन्हळ बसवतात. ही पन्हळ बहुतेक ठिकाणी कठड्याला चिकटवलेली दिसते, आणि तिथेच ती निकामी होते. हँडल मधोमध धरले तरी बाजूला तीस सेंटिमीटर पसरते. ते कठड्याला घासते, पॅडल गजांत अडकते आणि चाक पन्हळीतून निसटते. पन्हळ कठड्यापासून निदान ३५ सेंटिमीटर दूर हवी. दुधाचे कॅन दोन्हीकडे लटकवलेल्या सायकलला तेवढ्यानेही भागत नाही. अशा माणसाला सायकल बसेल एवढी खोल लिफ्टच लागते. ती नसेल तर तो कुंपणाच्या भिंतीतले खिंडार शोधून रूळ ओलांडतो. त्या माणसाला बेशिस्त म्हणण्याआधी जिना मोजून पाहावा.

लादी प्रति चौरस मीटर ५०० किलो गर्दीचा भार धरून आखतात. पावलांची लय सेकंदाला दोनच्या आसपास असते, म्हणून पुलाची स्वतःची कंपने त्यापासून दूर ठेवतात. सायकलींसाठी कठडा १.४ मीटर उंच, वायरच्या वरच्या भागात तो जाळी किंवा पत्र्याने बंद, आणि सगळ्या पोलादाला अर्थिंग.

उभारणी रात्रीच होते. मुंबईत शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात; त्यात वीज बंद करून क्रेनने गर्डर बसवायचा आणि वीज पुन्हा सुरू करायची. त्यामुळे तुकडे किती वजनाचे आणि क्रेन कुठे उभी राहणार, हे आराखड्यातच ठरते.

देखभालीचेही तसेच. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. रुळांवरच्या पुलाचा तळ रंगवायचा किंवा नुसता जवळून पाहायचा, तरी ब्लॉक घ्यावा लागतो, म्हणजे गाड्या थांबवाव्या लागतात. म्हणून पोलादाला आधीच जस्ताचा थर द्यावा, पावसाचे पाणी वायरपासून दूर नेणारे नळ काढावेत, आणि नंतर टाकल्या जाणाऱ्या केबली व फरश्यांचे वजन मूळ हिशेबातच धरून ठेवावे.